अंतोन चेखव

अंतोन पावलोविच चेखव (२९ जानेवारी १८६०, तागान्रोग – १५ जुलै १९०४, बाडेनवायलर) हे रशियन कथाकार व नाटककार होते. शिक्षणाने ते डॉक्टर होते आणि प्रकृतीने साथ दिली तोवर त्यांनी वैद्यकीही केली. मराठीत त्यांचे नाव चेखॉव्ह, चेकॉव्ह असेही लिहिले जाते. आधुनिक लघुकथेच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. ‘चायका’ (समुद्रपक्षी), ‘वान्या मामा’, ‘तीन बहिणी’ आणि ‘चेरीची बाग’ ही त्यांची नाटके जगभर केली जातात. या कीर्तिमान लेखकाने लेखणी प्रथम हाती धरली ती मात्र घरखर्चाला हातभार लावण्यासाठी. वैद्यकाच्या पहिल्या वर्षात शिकत असताना विनोदी साप्ताहिकांना ओळीमागे पाच कोपेक या दराने मजकूर पुरवणे, हा त्यांच्या लेखनाचा आरंभ होय. त्यांच्या चरित्राची ही आर्थिक बाजू नाटकांच्या चर्चेत सहसा झाकली जाते. म्हणून येथे तिचा विस्ताराने विचार केला आहे.

तागान्रोग आणि दिवाळे

तागान्रोग हे अझोव समुद्राच्या काठचे बंदराचे गाव. चेखव यांचे आजोबा येगोर हे भूदास होते. रशियात भूदासपद्धती १८६१ मध्ये रद्द झाली. परंतु त्यांनी त्यापूर्वी वीस वर्षे, १८४१ मध्ये, साठवलेल्या पैशांतून आपले व कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले होते. वडील पावेल येगोरोविच यांचे किराण्याचे दुकान होते. ते कमालीचे धार्मिक, चर्चमधील गायनाचे वेडे आणि शीघ्रकोपी होते. मुलांना दुकानात बसावे लागे, चर्चच्या गायकवृंदात गावे लागे आणि मारही खावा लागे. अंतोन हे सहा भावंडांतील तिसरे. अलेक्सांद्र व निकोलाय हे थोरले भाऊ. इवान, मारिया व मिखाईल ही धाकटी भावंडे.

१८७६ मध्ये पावेल यांचे दिवाळे वाजले. कर्जासाठी तुरुंगात जाण्याची पाळी येऊ नये म्हणून ते मॉस्कोला पळून गेले व मागोमाग कुटुंबही गेले. राहते घर परक्याच्या ताब्यात गेले. सोळा वर्षांचे अंतोन शाळा पुरी करण्यासाठी एकटे मागे राहिले. ज्या घरात ते मालकाचा मुलगा म्हणून वाढले, त्याच घरात नव्या मालकाच्या पुतण्याला शिकवण्याच्या बदल्यात त्यांना राहायला मिळाले. शिकवण्या करून आणि घरात उरलेले सामान विकून त्यांनी स्वतःचे पोट भरले व मॉस्कोलाही पैसे पाठवले. कुटुंबाचा भार आपल्यावर आहे, ही जाणीव त्यांच्यात तेव्हाच रुजली आणि ती पुढे कधीही सुटली नाही.

१८७९ मध्ये शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन ते मॉस्को विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत दाखल झाले. तागान्रोगच्या नगरपालिकेने त्यांना महिना पंचवीस रूबलची शिष्यवृत्ती दिली होती. शिवाय घरभाड्याला मदत व्हावी म्हणून दोन शाळासोबत्यांना त्यांनी पोटभाडेकरू म्हणून बरोबर आणले. वडिलांना एका व्यापाऱ्याच्या वखारीत महिना तीस रूबलची नोकरी होती. कुटुंब मोठे होते, थोरले दोघे भाऊ हुशार पण व्यसनी व बेभरवशाचे होते. साहजिकच घराची सूत्रे एकोणीस वर्षांच्या अंतोन यांच्याकडे आली.

ओळींचा हिशेब

त्या काळात मॉस्को व सेंट पीटर्सबर्ग येथे स्वस्त विनोदी साप्ताहिकांचे पेव फुटले होते. व्यंगचित्रे, त्यांखालील ओळी, चुटके, खोट्या जाहिराती, नकली पंचांगे, लहान कथा असा त्यांचा मजकूर असे. लेखकाला मोबदला ओळीवर मिळे. थोरले बंधू अलेक्सांद्र अशा साप्ताहिकांत लिहीत आणि निकोलाय चित्रे काढीत. त्यामुळे ही वाट घरात परिचयाची होती. मार्च १८८० मध्ये पीटर्सबर्गच्या ‘स्त्रेकोझा’ (चतुर हा कीटक) या साप्ताहिकात अंतोन यांची पहिली कथा छापून आली. विज्ञानाविषयी अगाध अज्ञान असलेला एक जमीनदार आपल्या विद्वान शेजाऱ्याला पत्र लिहितो, असे तिचे स्वरूप आहे. मोबदला ओळीला पाच कोपेक. शंभर कोपेकचा एक रूबल होतो. म्हणजे वीस ओळींना एक रूबल.

‘स्त्रेकोझा’ नापसंत साहित्यावरील शेरे आपल्या पत्रपेटीच्या सदरात जाहीरपणे छापीत असे. त्याच वर्षाच्या अखेरीस चेखव यांच्या वाट्यालाही असा झोंबणारा शेरा आला व त्यांनी तेथे लिहिणे थांबवले. पुढील दोन वर्षे ‘झ्रीतेल’ (प्रेक्षक), ‘बुदील्निक’ (गजराचे घड्याळ) अशा मॉस्कोतील साप्ताहिकांत त्यांनी लिहिले. लिहिण्याहून मानधन वसूल करणे अवघड होते. ‘नोवस्ती द्न्या’ या दैनिकाने १८८४–८५ मध्ये त्यांची ‘शिकारीवरील नाट्य’ ही रहस्यकादंबरी क्रमशः छापली, त्या वेळची एक हकीकत धाकटे बंधू मिखाईल यांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. भावाचे तीन रूबल मागण्यासाठी ते दैनिकाच्या कचेरीत जाऊन तिष्ठत बसत. एकदा रोख पैसे नसल्याचे सांगून मालकाने त्यांना नाटकाचे तिकीट किंवा शिंप्याकडून आपल्या खात्यावर नवी विजार घेण्याचा पर्याय देऊ केला. विनोदी साप्ताहिकाला शोभणारा हा प्रसंग चेखव कुटुंबाला मात्र आठवड्याच्या भाजीभाकरीचा होता.

१८८२ च्या उत्तरार्धात परिस्थिती पालटली. पीटर्सबर्गच्या ‘ओस्कोल्की’ (ठिकऱ्या) या साप्ताहिकाचे संपादक निकोलाय लेइकिन लेखकांच्या शोधात मॉस्कोला आले होते. कवी पाल्मिन यांच्यामार्फत त्यांची चेखव बंधूंशी ओळख झाली. लेइकिन यांनी ओळीला आठ कोपेक देऊ केले आणि ते पैसे वेळेवर मिळत. अट एकच होती: मजकूर शंभर ओळींच्या आसपास संपला पाहिजे. शंभर ओळींचे आठ रूबल होतात. अशा चार कथा महिन्यात छापून आल्या, की वडिलांच्या महिन्याच्या पगाराहून अधिक रक्कम घरात येई. यावरून या ‘जोड’ उत्पन्नाचे घरातील वजन ध्यानात येते.

शंभर ओळींची मर्यादा चेखव यांना जाचक वाटे व लेइकिन यांच्याशी त्याबाबत त्यांचा पत्रव्यवहारही झाला. तथापि या मर्यादेने त्यांना जे शिकवले, ते कोणत्याही विद्यापीठात शिकायला मिळाले नसते. निसर्गवर्णनाला दोन ओळी, पात्राच्या ओळखीला एखादा लकबीचा तपशील, प्रास्ताविक जवळजवळ नाहीच आणि शेवट करायचा तो वाचकाला पुढचे कळले आहे असे गृहीत धरून. १८८३ मधील ‘कारकुनाचा मृत्यू’ ही कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. नाटक पाहताना शिंकलेल्या एका कारकुनाचे तुषार पुढे बसलेल्या बड्या अधिकाऱ्याच्या टकलावर उडतात. अधिकाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. पण कारकून पुन्हा पुन्हा क्षमा मागत राहतो. अखेरीस अधिकारी वैतागून ओरडतो आणि कारकून घरी जाऊन मरतो. या दोन-तीन पानांत रशियन नोकरशाहीतील भय संपूर्ण उभे राहते. ‘जाड्या आणि रोड्या’ (१८८३) व ‘सरडा’ (१८८४) या कथाही त्याच साप्ताहिकातील आहेत. दुसरा धडा सेन्सॉरचा होता. ‘हवालदार प्रिशिबेयेव’ ही कथा १८८५ मध्ये सेन्सॉरने ‘ओस्कोल्की’त छापू दिली नाही, ती दुसऱ्या एका वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली. हाती घेतलेले काम वाया जाणे म्हणजे आठवड्याचे पैसे बुडणे. त्यामुळे थेट न बोलता सूचित करण्याची कला ही गरजेची बाब ठरली.

या काळात लेखन कसे चाले, याचे चित्र १८८३ च्या ऑगस्टमध्ये लेइकिन यांना लिहिलेल्या पत्रात सापडते. शेजारच्या खोलीत पाहुण्या नातलगाचे मूल रडत आहे, दुसऱ्या खोलीत वडील आईला मोठ्याने गोष्ट वाचून दाखवीत आहेत, कोणीतरी गाण्याच्या पेटीला चावी दिली आहे आणि वैद्यकाचा अभ्यास मनाला टोचत समोर पडला आहे, असे त्यांनी कळवले आहे. दिवसा रुग्णालय व शवविच्छेदन आणि रात्री ओळी, असा त्यांचा पाच वर्षांचा क्रम होता. कथांखेरीज ‘मॉस्कोच्या जीवनातील ठिकऱ्या’ हे वार्तापत्रही १८८३ ते १८८५ या काळात त्यांनी चालवले. एकट्या ‘ओस्कोल्की’त त्यांच्या अडीचशेहून अधिक रचना प्रसिद्ध झाल्या.

हे सारे लेखन टोपणनावांनी होत असे. शाळेतील धर्मशिक्षकांनी गमतीने ठेवलेले ‘अंतोशा चेखोंते’ हे नाव त्यांत सर्वाधिक रूढ झाले; ‘प्लीहा नसलेला माणूस’, ‘माझ्या भावाचा भाऊ’, ‘रोगी नसलेला डॉक्टर’ ही आणखी काही. खरे आडनाव त्यांनी वैद्यकासाठी राखून ठेवले होते. त्या नावाने पुढे वैद्यकीय निबंध प्रसिद्ध करावेत अशी त्यांची इच्छा होती, आणि रशियातील वैद्यकाच्या इतिहासावर प्रबंधासाठी त्यांनी टिपणेही काढली होती. तो प्रबंध पुरा झाला नाही.

डॉक्टर आणि लेखक

जून १८८४ मध्ये चेखव डॉक्टर झाले. त्याच वर्षी ‘मेल्पोमेनेच्या कथा’ हा त्यांचा पहिला संग्रह निघाला. शिक्षण संपल्यावर स्फुटलेखन मागे पडून वैद्यकावर घर चालावे, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. त्यांच्याकडे येणारे रुग्ण बहुधा गरीब, परिचित किंवा लेखक-चित्रकार मित्र असत. त्यांच्याकडून पैसे मागणे त्यांना जमले नाही. जो व्यवसाय मुख्य म्हणून पत्करला, तो जवळजवळ विनामूल्य सेवा झाला आणि जोडधंदा म्हणून धरलेल्या लेखनावर आठ माणसांचे घर उभे राहिले. डिसेंबर १८८४ मध्ये त्यांच्या थुंकीतून प्रथम रक्त पडले. ते क्षयाचे लक्षण आहे, हे डॉक्टर असूनही त्यांनी बराच काळ मान्य केले नाही. निदान मान्य केले असते तर विश्रांती घ्यावी लागली असती, आणि विश्रांती परवडणारी नव्हती.

१८८५ पासून ते ‘पीटर्सबर्गस्काया गझेता’ या दैनिकातही लिहू लागले. तेथे लांबीची व विनोदाची सक्ती नव्हती. त्यामुळे ‘शिकारी’ (१८८५), ‘व्यथा’ (१८८६), ‘वान्का’ (१८८६) यांसारख्या कथा लिहिता आल्या. ‘व्यथा’मधील म्हातारा गाडीवान इओना याचा मुलगा नुकताच वारला आहे. बर्फ पडत असताना तो एकामागून एक गिऱ्हाइकांना हे सांगू पाहतो; कोणालाच ऐकायला सवड नाही, म्हणून रात्री तबेल्यात तो आपल्या घोडीला सर्व सांगतो. रोजच्या वृत्तपत्राच्या पुरवणीसाठी ही कथा लिहिली गेली, यावर आज सहसा विश्वास बसत नाही.

डिसेंबर १८८५ मध्ये चेखव प्रथमच पीटर्सबर्गला गेले. आपण राजधानीत वाचले जातो, चर्चिले जातो, हे पाहून ते चकित झाले, आणि काहीसे घाबरलेही. कारण इतकी वर्षे त्यांनी घाईने, वाचकाचा फारसा विचार न करता लिहिले होते. फेब्रुवारी १८८६ मध्ये अलेक्सेई सुवोरिन यांच्या ‘नोवोये व्रेम्या’ या बड्या दैनिकात त्यांची ‘मृतात्म्यासाठी प्रार्थना’ ही कथा आली. दर ओळीला बारा कोपेक झाला आणि कथेखाली प्रथमच खरे नाव आले. पुढच्याच महिन्यात ज्येष्ठ कादंबरीकार दिमित्री ग्रिगोरोविच यांचे पत्र आले. त्यांनी चेखव यांची असामान्य प्रतिभा ओळखली होती. घाईचे लेखन सोडा, वेळप्रसंगी उपाशी राहा पण गुणांची कदर करा, असा त्यांचा आग्रह होता. उत्तरादाखल चेखव यांनी कबूल केले, की एकाही कथेवर आपण एका दिवसाहून अधिक वेळ खर्च केल्याचे आठवत नाही, आणि ग्रिगोरोविच यांना आवडलेली ‘शिकारी’ तर आंघोळीच्या खोपटात लिहिली होती. उपाशी राहण्याचा सल्ला थोर होता. तथापि तो एकट्या माणसाला देण्याजोगा होता. चेखव यांच्या ताटावर आई, वडील, बहीण व भाऊ बसत होते.

त्यांनी मधला मार्ग काढला. संख्या कमी केली, लांबी वाढवली आणि हळूहळू साप्ताहिकांचा निरोप घेतला. ‘संधिप्रकाशात’ (१८८७) या संग्रहाला १८८८ मध्ये रशियन विज्ञान अकादमीचे पुश्किन पारितोषिक अर्धे मिळाले. रक्कम ५०० रूबल. त्याच वर्षी ‘स्तेप’ ही दीर्घकथा ‘सेवेर्नी वेस्तनिक’ या वाङ्मयीन मासिकात आली. अशा मासिकांत मोबदला ओळीवर नसून छापील फॉर्म्यावर असे. ओळी मोजण्याचे दिवस येथे संपले. नाट्यगृहांचेही उत्पन्न सुरू झाले. ‘अस्वल’ हे १८८८ चे एकांकी प्रहसन गावोगावी इतके होऊ लागले की त्याच्या मानधनावर घर बराच काळ निर्धास्त राहिले. ज्यांच्या चित्रांच्या जोडीने ही वाटचाल सुरू झाली, ते बंधू निकोलाय मात्र जून १८८९ मध्ये क्षयाने वारले.

साखालिन व मेलिखोवो

१८९० मध्ये चेखव सायबेरिया ओलांडून साखालिन या कैद्यांच्या बेटावर गेले. प्रवासखर्चाचा काही भाग सुवोरिन यांच्याकडून उचल घेऊन व वाटेतून प्रवासलेख पाठवून भागवला गेला. बेटावरील तीन महिन्यांत त्यांनी घरोघर फिरून सुमारे दहा हजार कैदी व वसाहतवाल्यांची माहिती स्वतः छापून घेतलेल्या कार्डांवर नोंदवली. परतताना ते हाँगकाँग, सिंगापूर व सिलोनमार्गे आले आणि कोलंबोहून मुंगूस बरोबर घेऊन गेले. ‘साखालिन बेट’ हा ग्रंथ १८९५ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. त्यात खर्ची पडलेल्या वर्षांच्या मानाने त्यातून उत्पन्न काहीच झाले नाही. वैद्यकाचे ऋण फेडण्याची त्यांची ही रीत होती.

१८९२ मध्ये त्यांनी मॉस्कोच्या दक्षिणेस मेलिखोवो येथे १३,००० रूबलना जमीनजुमला विकत घेतला. रक्कम मुख्यतः कर्जाऊ होती व ती लेखनातून फेडायची होती. भूदासाचा नातू जमीनमालक झाला. त्याच वर्षी पटकीची साथ येऊ घातली, तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक मंडळासाठी त्यांनी पंचवीस गावे, चार कारखाने व एक मठ यांची जबाबदारी वेतनाविना घेतली. परिसरात त्यांनी तीन शाळा बांधल्या. त्यांतही लेखनाचा पैसा गेला. ‘वॉर्ड क्रमांक सहा’ (१८९२) व ‘शेतकरी’ (१८९७) या कथा याच काळातील. ‘चायका’ १८९६ मध्ये पीटर्सबर्गला सपशेल पडले आणि दोन वर्षांनी मॉस्को कला नाट्यगृहाने ते यशस्वी करून दाखवले.

मार्क्स यांच्याशी करार

मार्च १८९७ मध्ये एका भोजनगृहात सुवोरिन यांच्यासमवेत जेवायला बसले असता चेखव यांच्या तोंडातून रक्ताचा लोट आला. रुग्णालयात क्षयाचे निदान पक्के झाले आणि उत्तरेत हिवाळा काढण्यास मनाई झाली. पुढील वर्षी वडील वारले. याल्टा येथे घर बांधणे भाग होते व आई-बहिणीची तरतूदही करायची होती. २६ जानेवारी १८९९ रोजी (जुनी कालगणना) त्यांनी ‘नीवा’ या लोकप्रिय साप्ताहिकाचे प्रकाशक अदोल्फ मार्क्स यांना आपल्या समग्र लेखनाचे हक्क ७५,००० रूबलना विकले. रक्कम हप्त्याहप्त्याने मिळायची होती. नाटकांच्या प्रयोगांचे मानधन तेवढे चेखव यांच्याकडे राहिले. भावी लेखनाला फॉर्म्यामागे २५० रूबल आणि दर पाच वर्षांनी त्यात वाढ, असेही कलम होते. या वाढीने प्रकाशक धास्तावल्याचे कळल्यावर चेखव यांनी ऐंशी वर्षांपलीकडे न जगण्याचे गमतीने वचन दिले. त्या वेळी ते एकोणचाळीस वर्षांचे होते.

हा करार चेखव यांच्या तोट्याचा होता, हे मत जवळजवळ सार्वत्रिक आहे. मार्क्स यांना घातलेली रक्कम फार लवकर वसूल झाली. १९०३–०४ च्या सुमारास माक्सीम गोर्की व लिओनीद आंद्रेयेव यांनी करारातून लेखकाला मुक्त करावे असे आवाहन तयार केले, तेव्हा चेखव यांनीच ते पाठवू दिले नाही. सही आपण समजून केली आहे, अशी त्यांची भूमिका होती. प्रस्तुत लेखकाच्या मते या व्यवहाराकडे केवळ आकड्यांनी पाहू नये. बाजारात ओळी विकून वाढलेल्या आणि आयुष्य किती उरले याचा अंदाज असलेल्या डॉक्टरला एकरकमी निर्धास्तपणा मोलाचा वाटला, यात नवल नाही.

कराराचे खरे कष्ट वेगळेच होते. समग्र आवृत्तीसाठी सारे जुने लेखन प्रकाशकाला द्यायचे होते आणि त्यातील बरेचसे लेखकाजवळ नव्हतेच. लीदिया आविलोवा यांनी पीटर्सबर्गच्या दैनिकाच्या जुन्या अंकांतून कथा उतरवून घेण्याची व्यवस्था केली. अलेक्सांद्र व इतर स्नेह्यांनीही मदत केली. याल्टाला गठ्ठे येऊ लागले. पाच व आठ कोपेकांच्या त्या ओळी चेखव यांनी पुन्हा वाचल्या, अनेक रचना सरळ बाद केल्या आणि ज्या ठेवल्या त्यांतील कितीतरी नव्याने लिहून काढल्या. आजारी माणसाची दोन-तीन वर्षे या दुरुस्तीत गेली. हे काम नसते तर त्या वर्षांत आणखी काही लिहून झाले असते, अशी हळहळ वाटते खरी. पण ‘अंतोशा चेखोंते’ने रात्री जागून, पैशासाठी लिहिलेल्या कथांतून अंतोन चेखव यांनी स्वतः काय निवडले, हे त्यामुळेच कळते. दहा खंडांची ही आवृत्ती १८९९ ते १९०२ या काळात निघाली.

अखेर

२५ मे १९०१ रोजी (जुनी कालगणना) चेखव यांचा अभिनेत्री ओल्गा क्निपर यांच्याशी विवाह झाला. प्रकृतीमुळे ते याल्टात आणि नाट्यगृहामुळे ओल्गा मॉस्कोत, असा हा संसार पुष्कळसा पत्रांतून झाला. ‘चेरीची बाग’ १७ जानेवारी १९०४ (जुनी कालगणना) या त्यांच्या वाढदिवशी रंगमंचावर आले. त्या उन्हाळ्यात उपचारासाठी ते जर्मनीतील बाडेनवायलर येथे गेले व १५ जुलै रोजी तेथेच वारले. शव मॉस्कोला आले ते कालवे वाहून नेण्याचा डबा म्हणून खूण केलेल्या शीत वाघिणीतून. नोवोदेविची येथे त्यांचे दफन झाले. अदोल्फ मार्क्स हेही त्याच वर्षी निवर्तले.

मार्क्स आवृत्तीतून वगळलेल्या साप्ताहिकांतील रचना पुढे संशोधकांनी धुंडाळून काढल्या. १९७४ ते १९८३ या काळात मॉस्कोत निघालेल्या तीस खंडांच्या समग्र आवृत्तीत अठरा खंड लेखनाचे व बारा पत्रांचे आहेत. चित्राखालच्या ओळी, नकली जाहिराती आणि पंचांगेही तिच्यात तळटीपांसह छापलेली आहेत.